‘सेफर’ रूट लावूनही जहाज उडतं? ईव्ह ऑनलाइनमधल्या प्रवासाच्या नेहमीच्या दुखण्यावर उपाय

ईव्ह ऑनलाइन या इंटरनेटवरच्या अंतराळ-खेळात हे लक्षण ओळखीचं आहे. ऑटोपायलटच्या सेटिंगमध्ये ‘सेफर’ (जास्त सुरक्षित वाट) निवडलेलं, रूटच्या पट्टीत एकही लाल ठिपका नाही, जिटा या बाजारपेठेत माल भरला, निघालो, आणि अर्ध्या वाटेत जहाजाचे तुकडे होऊन पॉड (खेळाडू बसतो ती कुपी) मोकळ्या अंतराळात. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि बहुतेक वेळा त्याच सिस्टिममध्ये (सौरमालेत). कोल्हापुरात ईव्ह ऑनलाइन खेळणारी आमची जी मंडळी आहेत, त्यांच्यात दर नवा माणूस हा प्रश्न घेऊन येतोच. राजारामपुरीतल्या एका पोरानं परवा रात्री फोन करून विचारलं, “दादा, रूट सगळा हायसेक होता की ओ. तिथं पोलीस असतात म्हणला होता न्हवं? मग मारलं कसं?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सविस्तरच द्यायला पाहिजे. असे दोन-तीन फटके बसले की चांगली पोरं खेळ सोडून जातात. महिनोन्‌महिने खाणकाम करून, मिशन करून साठवलेलं एका गेटवर जातं. यातलं बहुतेक टाळता येतं, म्हणून हा खटाटोप.

‘सेफर’ नेमकं काय बघतो

न्यू ईडनमध्ये, म्हणजे खेळातल्या विश्वात, गेटनं (एका सिस्टिममधून दुसरीत जंप म्हणजे उडी मारायच्या दारानं) एकमेकींना जोडलेल्या पाच हजारांवर सिस्टिम आहेत. प्रत्येकीला सिक्युरिटीचा एक आकडा असतो. ०.५ ते १.० हायसेक (जास्त सुरक्षा), ०.१ ते ०.४ लोसेक (कमी सुरक्षा), ०.० आणि त्याखालचं सगळं नल (सुरक्षा नाहीच). ऑटोपायलटला ‘सेफर’ सांगितलं की तो या आकड्याकडं बघतो, बस्स. हायसेकमधून वाट असेल तर कितीही लांबची असली तरी तीच धरतो. त्या सिस्टिममध्ये या घटकेला कोण बसलंय, मागच्या तासाभरात तिथं किती जहाजं फुटली, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

कोल्हापूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. भर पावसाळ्यात पुण्याला निघायचं असेल तर आपण रस्त्याचा दर्जा बघत नाही, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि वाहतूक बंद पडली, तेव्हाही नकाशावर तो चौपदरी राष्ट्रीय महामार्गच होता. सिक्युरिटीचा आकडा हा रस्त्याचा दर्जा आहे. आपल्याला लागते ती आजची पातळी, आणि ती गेममध्ये दुसरीकडं बघावी लागते.

दुसरा गैरसमज कॉनकॉर्डचा, म्हणजे खेळातल्या पोलिसांचा. कॉनकॉर्ड हल्ला अडवत नाही, हल्ल्याची शिक्षा देते. कुणी तुमच्यावर बेकायदा गोळी झाडली की कॉनकॉर्डची जहाजं येतात आणि हल्लेखोराचं जहाज हमखास उडवतात. पण यायला वेळ लागतो. किती, ते पुन्हा त्याच आकड्यावर ठरतं: १.० मध्ये काही सेकंदांत, ०.५ मध्ये सगळ्यात उशिरा. गँक करणारे, म्हणजे टोळीनं अचानक हल्ला करून जहाज फोडणारे, हिशोब मांडतात तो याच उशिराचा. स्वस्तातली कॅटॅलिस्ट जहाजं घ्यायची, मंडळी जमवायची, आणि कॉनकॉर्ड पोचायच्या आत समोरच्याचं जहाज फोडायचं. आपली जहाजं जाणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. फुटलेल्या जहाजातला साधारण निम्मा माल शाबूत उरतो, तो त्यांचाच एखादा साथीदार उचलतो. उरलेला माल जहाजांच्या खर्चापेक्षा जास्त भरला की त्यांचा धंदा झाला.

तेव्हा रूटच्या पट्टीत लाल ठिपके नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. पिवळे ठिपके शोधा. पिवळा म्हणजे ०.५, आणि हायसेकमधली शिकार बहुतेक तिथंच चालते.

त्याच त्या सिस्टिममध्ये का?

याचं कारण नकाशाच्या रचनेत आहे. बाजारपेठा मोजक्या: जिटा, अमार, डोडिक्सी, रेन्स, हेक. सगळा माल या पाचांमध्ये फिरतो. दोन बाजारपेठांमधली जवळची हायसेक वाट एखाद्याच चिंचोळ्या सिस्टिममधून जाते, आणि ‘सेफर’ लावणाऱ्या प्रत्येकाला ऑटोपायलट तीच वाट देतो. शिकाऱ्याला तुमचा माग काढावा लागत नाही. तुमचा रूट त्याच्या स्क्रीनवरही तोच दिसतो. तो वाटेतला सगळ्यात कमी आकड्याचा गेट निवडतो आणि बसून राहतो.

जिटाहून गॅलेंटे फेडरेशनच्या बाजूला जाताना लागणारी उएडामा ही याची सगळ्यात ठळक जागा. आकडा ०.५, आणि रहदारी प्रचंड. आमच्या ओळखीत उएडामात जहाज न गमावलेला माल-वाहतूकदार शोधावा लागेल. लोसेकमध्ये हाच लौकिक रॅन्सर, टामा, अमामाके यांचा आहे. ‘शॉर्टर’ (सगळ्यात जवळची वाट) लावून जिटाहून हेककडं निघालेला नवा माणूस रॅन्सरला पोचतो तेव्हा तिथल्या लोकांना मुळीच नवल वाटत नाही.

इथंच जुन्या गाईडबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यामुळंही माणसं फसतात. २०२० पर्यंत जिटा ते अमार ही वाट नियार्जा नावाच्या ०.५ सिस्टिममधून जायची आणि गँकसाठी ती उएडामाइतकीच बदनाम होती. त्या वर्षी ट्रिग्लेव्हियन या परक्या जमातीच्या आक्रमणात खेळाडूंच्याच लढायांचा निकाल लागून नियार्जा खेळातल्या साम्राज्यांच्या हातून गेली, आणि ऑक्टोबरमध्ये पॉचव्हेन या नव्या रीजनचा (अनेक सिस्टिमच्या विभागाचा) भाग झाली. अशा २७ सिस्टिम गेल्या. नियार्जा गेल्यामुळं तेव्हा जिटा-अमार ही हायसेक वाट एकदम चाळीसच्या वर जंपची झाली, आणि जवळची वाट अहबाझॉन या लोसेक सिस्टिममधून जाऊ लागली. ज्या गाईडमध्ये ‘नियार्जात सांभाळा’ असं लिहिलंय, ते त्याआधीचं आहे. त्यातल्या गेट आणि जहाजांच्या युक्त्या घ्या, वाटा घेऊ नका. नकाशा त्यानंतरही बदलत आलाय.

निघण्याआधी बघायच्या गोष्टी

स्टेशनमध्ये डॉक (आत उभं) असतानाच हे करायचं. अंडॉक केल्यावर (बाहेर पडल्यावर) नाही.

रूट लावा आणि पट्टीतल्या प्रत्येक ठिपक्यावर माउस नेऊन नाव आणि आकडा वाचा. सगळ्या सिस्टिम लक्षात ठेवायची गरज नाही. ०.५ आणि त्याखालच्या कुठल्या, आणि त्या कितव्या जंपला येतात, एवढं कागदावर लिहून घ्या. बहुतेक वाटांवर अशा दोन-चारच निघतात. पुढचं सगळं डोकं त्या दोन-चारांवर लावायचं.

मग नकाशा उघडा आणि मागच्या तासात फुटलेली जहाजं आणि फुटलेले पॉड हे दोन आकडे बघा. एनपीसी (खेळानं चालवलेली पात्रं) किती मेले तो आकडा वेगळा असतो, त्याला घाबरू नका. तिथं कुणीतरी चाचे मारत बसलंय, एवढाच त्याचा अर्थ. लोसेकमध्ये जहाजांच्या जोडीनं पॉडचा आकडाही जवळपास तेवढाच असेल, तर सावध व्हा. पॉड इतका चपळ असतो की त्याला साध्या कॅम्पमध्ये (गेटवर दबा धरून बसलेल्या टोळीत) धरणं सोपं नसतं. पॉडसकट सगळं जात असेल तर बहुतेक गेटवर स्मार्टबॉम्ब (आसपासच्या सगळ्यांना एकदम मारणारं हत्यार) लावलेली बॅटलशिप उभी आहेत. त्यांना लॉकच करावं (एकेकावर नेम धरावा) लागत नाही, त्यामुळं तुम्ही किती लवकर वॉर्प होता (अतिवेगानं निघून जाता) हे तिथं कामाला येत नाही.

नकाशावरच्या आकड्यांची एक मर्यादा आहे. ते तासाभराचे, आणि थोडे शिळे असतात. वीस मिनिटांपूर्वी बसलेला कॅम्प त्यात उमटलेला नसतो. त्यासाठी झेडकिलबोर्ड या साइटवर जाऊन त्या सिस्टिमचं पान उघडा. तिथं काही मिनिटांत किलमेल (कुणी कुणाला मारलं त्याच्या नोंदी) येतात. नुसता आकडा बघून समाधान मानू नका, किलमेल उघडा. समजा एका ०.५ सिस्टिममध्ये मागच्या अर्ध्या तासात तीन जहाजं गेलीत. तिन्ही व्हेंचर (खाणकामाची छोटी जहाजं) असतील, जागा ॲस्टेरॉइड बेल्ट असेल आणि मारणारा प्रत्येक वेळी एकटाच असेल, तर तुमच्या गेटशी त्याचा संबंध नाही. पण तिन्ही माल वाहणारी जहाजं असतील, तिन्हींवर जागा म्हणून एकाच गेटचं नाव असेल आणि हल्लेखोरांच्या यादीत तीच पंधरा नावं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर ती टोळी तिथं ठाण मांडून आहे. शेवटच्या किलची वेळही बघा. गँक झाल्यावर त्या पात्रांवर पंधरा मिनिटं क्रिमिनल टायमर चालतो, तो संपेपर्यंत त्यांना पुढचा हल्ला करणं परवडत नाही. शेवटचा किल दोन मिनिटांपूर्वीचा असेल तर थोडी फट असते. वीस मिनिटांपूर्वीचा असेल तर ते पुन्हा तयार होऊन बसलेत असं समजा.

ईव्ह गेटचेक नावाची साइट हेच काम पूर्ण रूटसाठी एकदम करून देते, आणि डॉटलॅनवर सिस्टिमचे नकाशे नीट दिसतात. दोन्ही वापरा. पण किलमेल वाचायची सवय स्वतःला लावाच, कारण संख्येपेक्षा माणसं ओळखण्यात जास्त उपयोग आहे.

आणि दर वर्षी खेळाडूंच्या मोठ्या युती काही ना काही जाहीर करून करत असतात. २०१२ पासून अनेकदा झालेलं बर्न जिटा घ्या: तेव्हा जिटाच्या आसपास मालवाहू जहाजं ठरवून फोडली जातात. अशी घोषणा झाली की चार दिवस माल स्टेशनमध्ये राहू द्यावा. त्यावर दुसरा उपाय नाही.

अव्हॉइडन्स यादी

ऑटोपायलटच्या सेटिंगमध्ये टाळायच्या सिस्टिमची यादी असते. नकाशावर सिस्टिमवर राइट क्लिक करून ती यादीत घालता येते, कॉन्स्टेलेशन (सिस्टिमचा गट) किंवा अख्खी रीजनही घालता येते. उएडामा घाला आणि रूट पुन्हा मोजू द्या. जंप वाढतील. किती वाढल्या ते बघून ठरवा. हलक्या, चपळ जहाजाला जास्तीच्या दहा जंप म्हणजे काहीच नाही, फ्रेटरला (मोठ्या, संथ मालवाहू जहाजाला) तो तासाभराचा प्रश्न होतो.

यादीत नाव घातलं म्हणून काम झालं असं मात्र धरू नका. यादी चालू आहे ना ते बघा, आणि नवा रूट पुन्हा ठिपका-ठिपका वाचा. एक दार बंद केलं की ऑटोपायलट दुसरीकडून काढतो, आणि ते दुसरं कधी कधी पहिल्याहून वाईट निघतं. हायसेकमधून वाटच नसेल तर ‘सेफर’ निमूटपणे लोसेकमधून नेतो. सॉलिट्यूड ही रीजन घ्या. तिच्यात हायसेक सिस्टिम आहेत, पण चारी बाजूंनी लोसेक. तिथला रूट लावला की ‘सेफर’ असूनही मध्ये नारिंगी-लाल ठिपके येणारच. आमच्यातले दोघं तिथं स्वस्तात खनिज मिळतं म्हणून गेले, तेव्हा त्यांना आधी बसवून हेच सांगावं लागलं.

तुमच्या खात्यातलं कारण

वाट ठीक असूनही मार बसतोय, असं असेल तर हे पटकन तपासा. तुमच्या कॉर्पोरेशनवर (खेळाडूंच्या गटावर) कुणी युद्ध पुकारलंय का? युद्धातल्या शत्रूला हायसेकमध्ये तुम्हाला मारायची मुभा असते, कॉनकॉर्ड येत नाही. स्वतःचं स्ट्रक्चर (अंतराळातला तळ) असलेल्या कॉर्पोरेशनवरच युद्ध पुकारता येतं, त्यामुळं एनपीसी कॉर्पोरेशनमध्ये असाल तर हा प्रश्न येत नाही. एखाद्या साम्राज्याशी स्टँडिंग (संबंधांचा आकडा) उणे पाचाखाली गेलं असेल तर त्याचं नौदल तुमच्या मागं लागतं. आणि बेकायदा काम रोखणारं सेफ्टीचं बटण हिरवंच ठेवा. ते पिवळं करून दुसऱ्याच्या फुटलेल्या जहाजातला माल उचलला की तुम्ही सस्पेक्ट होता, आणि पंधरा मिनिटं कुणीही कायदेशीर मारू शकतं. लोक मुद्दाम अशी फुटलेली जहाजं गेटवर सोडून वाट बघतात.

किती माल, कुठल्या जहाजात

रूटपेक्षा हे कमी महत्त्वाचं नाही. वाटेत कुणीतरी तटस्थ दिसणारा माणूस कार्गो स्कॅनर लावून उभा असतो. तुमचं जहाज किती मार सोसतं आणि आत किती इस्कचा (खेळातल्या पैशाचा) माल आहे, या दोन आकड्यांवर तो पुढच्या गेटवरच्या मंडळींना कळवतो. त्यामुळं साध्या बॅजर किंवा टायरा या मालवाहू जहाजात होतं नव्हतं ते सगळं भरून एका फेरीत नेण्यापेक्षा दोन-तीन फेऱ्या कराव्यात. कार्गो वाढवणारे मॉड्यूल (जहाजाला जोडायची यंत्रं) काढून बल्कहेड (सांगाडा मजबूत करणारं) आणि शील्डचं काही लावलं तर माल कमी मावतो, पण तुम्ही त्यांच्या हिशोबात बसत नाही. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. ते तुमच्यासाठी कष्ट घेत नाहीत, मागून येणाऱ्याला धरतात.

महाग आणि लहान आकाराचा माल असेल तर ब्लॉकेड रनर हे जहाज घ्यावं. त्यावर कार्गो स्कॅनर चालत नाही आणि तो क्लोक करून (अदृश्य होऊन) वॉर्प होतो. पण तो टेक-टू (वरच्या दर्जाचा) आहे, अल्फा (फुकटच्या) खात्याला मिळत नाही. अल्फावाल्यानं किमती माल कुरिअर काँट्रॅक्टवर द्यावा आणि कोलॅटरल (नेणाऱ्याकडून घ्यायचं तारण) मालाच्या पूर्ण किमतीइतकं ठेवावं. हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो. इस्क वाचवायला म्हणून कोलॅटरल कमी ठेवणाऱ्याचा माल वाटेत गेला तर भरपाई तेवढीच मिळते.

फ्रेटर असेल तर एकट्यानं जाऊच नका. फ्रेटर वळून वॉर्पला लागेपर्यंत फार वेळ जातो, आणि त्या वेळात दुसरं जहाज धडका मारून त्याची दिशाच लागू देत नाही. सोबतीला आपल्याच कॉर्पोरेशनमधलं एक छोटं, वेब (समोरच्याचा वेग कमी करणारं यंत्र) लावलेलं जहाज असावं. वेब लागला की फ्रेटरचा कमाल वेग घटतो आणि तो त्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर लगेच पोचतो, म्हणजे जवळपास लगोलग वॉर्पला लागतो. आपल्यातले दोघं-तिघं ठरवून एकमेकांच्या फ्रेटरला वेब लावतात. फोन स्पीकरवर टाकून बोलत बोलत होतं ते काम.

आणि ऑटोपायलट चालू करून चहाला उठू नका. ऑटोपायलट जहाज गेटवर नेऊन टेकवत नाही, काही किलोमीटर आधीच उतरवतो, आणि तिथून ते रांगत गेटकडं जातं. ऑटोपायलटनं फक्त वाट आखून घ्यायची, जंप स्वतः मारायची, प्रत्येक वेळी ‘वॉर्प टू झीरो’ (थेट गेटपाशी).

गेटच्या पलीकडचा मिनिट

समजा लोसेकमधून जावंच लागतंय. तुमच्या टायराला मायक्रोवॉर्पड्राइव्ह (वेग वाढवणारं यंत्र) आणि क्लोक दोन्ही बसवलंय, त्यांची स्किल आहेत. जंप मारली, पलीकडची सिस्टिम उघडली. तुम्ही गेटपासून साधारण बारा किलोमीटरवर आहात, आणि साठ सेकंद तुम्ही कुणालाच दिसत नाही. हलला नाहीत, मॉड्यूल चालू केलं नाही, तर पूर्ण साठ. नव्या माणसाचा हात लगेच माउसवर जातो आणि तिथंच घात होतो. हात बाजूला ठेवा.

लोकल (सिस्टिममधल्या सगळ्यांची यादी) बघा: किती जण आहेत? मग ओव्हरव्ह्यू (आसपासच्या वस्तूंची यादी) अंतराप्रमाणं लावून बघा. गेटवर जहाजं आहेत का, कुठली, किती अंतरावर, कुठल्या बाजूला? ओव्हरव्ह्यूमध्ये सगळी खेळाडूंची जहाजं दिसतील अशी सेटिंग आधीच करून ठेवलेली असावी. कित्येकांच्या ओव्हरव्ह्यूमध्ये काही प्रकार लपलेले असतात आणि समोर कॅम्प असून गेट रिकामं वाटतं.

गेट मोकळं असेल तर नीट बघून निघा. कॅम्प असेल तर दोन वाटा. पहिली, क्लोकची: जिकडं त्यांची जहाजं नाहीत अशा बाजूचा एखादा ग्रह किंवा गेट निवडा. अलाइन (जहाज त्या दिशेला वळवायचं बटण) दाबा, लगेच क्लोक, आणि लगेच मायक्रोवॉर्पड्राइव्ह. तिन्ही एकामागोमाग, हात थांबता कामा नये. ड्राइव्हची एक फेरी क्लोकखाली पूर्ण चालते आणि जहाज वेग धरतं. फेरी संपत आली की क्लोक काढा आणि वॉर्प दाबा. तोवर तुम्ही हव्या त्या दिशेला पंचाहत्तर टक्के वेगात असता, म्हणून जहाज जवळपास लगेच वॉर्पला जातं. दोन हजार मीटरच्या आत दुसरी कुठलीही वस्तू आली तर क्लोक निघतं, म्हणून दिशा निवडणं महत्त्वाचं. जिटाच्या जवळच्या एखाद्या शांत सिस्टिममध्ये, रिकाम्या जहाजात, हे हाताला बसेपर्यंत करत राहा. पुढं बोटं आपोआप चालतात.

दुसरी वाट मागं फिरायची. जंपनंतर दहाएक सेकंद पुन्हा जंप मारता येत नाही, ती बघण्यात गेलेली असतातच. मग सरळ गेटकडं वळायचं, ड्राइव्ह चालू, आणि अडीच हजार मीटरच्या आत पोचलात की जंप. ज्यानं तुमच्यावर गोळी झाडली त्याला साठ सेकंद गेट वापरता येत नाही, त्यामुळं तो लगेच मागं येऊ शकत नाही. पलीकडं पोचलात की स्टेशन गाठा आणि तासभर दुसरं काही करा.

फ्रिगेटवाल्यांना हे दोन्ही फारसं लागत नाही. सर्व्हर एका सेकंदाच्या टप्प्यानं चालतो, आणि दोन सेकंदांच्या आत अलाइन होणारं जहाज लॉक करायला कुणाला वेळच उरत नाही. स्मार्टबॉम्ब सोडले तर ते निसटतं. म्हणून टेहळणीला अशी फ्रिगेट पुढं पाठवावी. फक्त लक्षात असू द्या, की मालाच्या आशेनं बसलेला कॅम्प फ्रिगेटला जाऊ देतो. टेहळणी करणाऱ्यानं “मी गेलो, काही झालं नाही” एवढं सांगून भागत नाही. गेटवर काय होतं ते बघून सांगायचं.

हायसेकमध्ये मामला उलटा असतो. तिथं गँकवाल्यांची पात्रं इतकी गुन्हेगार असतात की साम्राज्याचे पोलीस त्यांच्या मागं असतात, म्हणून ती गेटवर उभी राहतच नाहीत. ती स्टेशनमध्ये डॉक असतात आणि शेवटच्या काही सेकंदांत येतात. गेट रिकामं दिसतं, पण लोकलमध्ये लाल कवट्यांची रांग असते. लोकलमध्ये तशी नावं दिसली आणि गेटवर एखादं एकटंदुकटं जहाज नुसतं उभं दिसलं, तर ते रिकामं गेट नाही. थांबा, किंवा मागं फिरा.

नलमध्ये जात असाल तर बबल (वॉर्प अडवणारे गोळे) येतात, ते हायसेक-लोसेकमध्ये नसतात. गेटवरून थेट पुढच्या गेटला वॉर्प मारू नका. आधी बाजूच्या एखाद्या ग्रहावर जा, डायरेक्शनल स्कॅन (डी-स्कॅन, आसपासची जहाजं शोधायला) मारा, आणि वेगळ्या कोनातून गेटवर उतरा. बबल लावणारे नेहमीच्या सरळ रेषेवर लावतात. डी-स्कॅन साधारण १४ एयूपर्यंतच (एयू म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) बघतो, म्हणून ग्रह गेटपासून तेवढ्या अंतरातला निवडा.

आपल्या वेळा, आपली वीज

ईव्हचं घड्याळ यूटीसीवर चालतं. आपल्याकडची वेळ साडेपाच तास पुढं. रोजचा डाउनटाइम (सर्व्हर बंद असायची वेळ) ११:०० ला, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेचारला. युरोपातली संध्याकाळ आपल्याकडं रात्री साडेअकराच्या पुढं सुरू होते, आणि अमेरिकेतली पहाटे साडेपाचपासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत. जेवून-खाऊन रात्री बाराला बसणारा आपला माणूस नेमका भर गर्दीत माल घेऊन निघतो. महाग माल असेल तर तो डाउनटाइमनंतर संध्याकाळी हलवा. ज्यांना कॉलेज किंवा कामामुळं ते जमत नाही, त्यांनी रात्री बाजार करावा, माल जिटातच ठेवावा आणि सुट्टीच्या दिवशी न्यावा.

वळवाच्या दिवसांत वीज आणि नेट गेलं की काय होतं, हे नीट माहीत असावं. कनेक्शन तुटलं की जहाज आपोआप दूर कुठंतरी वॉर्प होतं, आणि कुणी तुमच्याशी लढत नसेल तर मिनिटभरात अंतराळातून नाहीसं होतं. पण त्या वेळी कुणी तुमचं वॉर्प अडवून धरलं असेल तर ते जागचं हलत नाही, आणि खेळाडूशी लढाईचा टायमर चालू असेल तर पंधरा मिनिटं जहाज तिथंच राहतं. आभाळ भरून आलं असेल तर लोसेक टाळा, हायसेकमध्येही जवळच्या स्टेशनात डॉक करा. स्टेशन जवळ नसेल तर एखाद्या सेफ स्पॉटवर (रिकाम्या अंतराळातल्या आडजागी) जाऊन सेफ लॉगऑफ करा, त्याला तीस सेकंद लागतात. राउटर इन्व्हर्टरवर घेतला की यातला निम्मा त्रास कमी होतो, आमच्यातल्या बहुतेकांनी तसंच केलंय.

इतकं करूनही जहाज गेलं तर

पॉड वाचवा. त्यात इम्प्लांट (पात्राची क्षमता वाढवणारी साधनं) असतात, ते जहाजाहून महाग असू शकतात. जहाज जाणार हे दिसलं की ते फुटायच्या आधीच एखादा ग्रह किंवा स्टेशन निवडून वॉर्पचं बटण दाबत राहा, म्हणजे पॉड मोकळा झाल्या क्षणी निघतो. फुटलेल्या जहाजातला उरलेला माल उचलायला लगेच दुसरं मालवाहू जहाज घेऊन जाऊ नका. ते मालासाठी तिथंच थांबलेले असतात.

मग डॉक होऊन स्वतःचा किलमेल उघडा. कुठल्या गेटवर, किती जणांनी, कुठल्या जहाजांनी, किती वाजता. राजारामपुरीच्या त्या पोराचे किलमेल आम्ही दोघांनी फोनवर बोलत बोलत उघडले. सगळे उएडामाचे, सगळे रात्री बारा ते एक या वेळेतले, आणि मारणाऱ्यांच्या यादीत पाच नावं प्रत्येक वेळी होती. ती नावं आता त्यानं कॉन्टॅक्टमध्ये लाल करून ठेवलीत, म्हणजे लोकलमध्ये आली की लगेच दिसतात.